परसातला लायलॅक आणि त्याचे पारंपरिक औषधी उपयोग

रानजाई

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आम्ही अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्यात एका लहान गावात जुने घर घेतले. घराच्या मागच्या दाराशी दोन पुरुष उंचीचे, बुंध्यापासून अनेक फांद्या फुटलेले एक झुडूप आहे. हिवाळाभर ते वाळक्या काटक्यांसारखे दिसत होते आणि आम्ही ते काढून टाकण्याच्या विचारात होतो. मे महिन्याच्या मध्यावर मात्र ते जांभळ्या तुऱ्यांनी असे भरून आले, की घराच्या खिडक्या उघडल्या तरी सुगंध आत येऊ लागला. हा लायलॅक. इकडच्या जंगलात चालताना मध्येच लायलॅकची जाळी दिसली, तर तिथे पूर्वी कुणाचे तरी घर होते असे खुशाल समजावे, असे गावातले लोक सांगतात. घर पडते, तळघराचा दगडी खड्डा तेवढा राहतो, आणि दाराशी लावलेला लायलॅक दरवर्षी फुलत राहतो.

या धाग्याचे कारण वेगळे आहे. सध्या माझ्या सासूबाई आमच्याकडे आलेल्या आहेत. त्यांचे गुडघे बरीच वर्षे दुखतात. शेजारी मूळच्या बल्गेरियाच्या एक आजी राहतात. त्यांनी लायलॅकची फुले मद्यार्कात भिजवून केलेला अर्क एका बाटलीत आणून दिला आणि रात्री गुडघ्यांवर चोळायला सांगितले. सासूबाईंना त्याने आराम वाटतो आहे. त्यांनी ही गोष्ट कोल्हापूरच्या आपल्या बहिणीला, म्हणजे आमच्या मावशींना, फोनवर सांगितली. मावशींच्या नातवाने इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा त्याला 'पर्शियन लायलॅक' नावाचे झाड आपल्याच गल्लीच्या टोकाला असल्याचे समजले. त्याच्या सालीने आणि फळांनी जंत पडतात आणि ताप उतरतो असेही त्याच्या वाचनात आले. मावशींनी ती पिवळी फळे गोळा करून वाळत घातली आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. हे दोन्ही लायलॅक एकच आहेत का? माझ्या परसातल्या लायलॅकचा औषध म्हणून खरोखर कुठे आणि कसा वापर होत आला आहे? त्यातला कोणता भाग आज घरात करून पाहण्यासारखा आहे?

वनस्पतीमित्र

रानजाई, बाकीची चर्चा सावकाश करू. आधी मावशींना फोन करा आणि ती फळे फेकून द्यायला सांगा. घरात लहान मूल किंवा पाळीव कुत्रे असेल तर ती लगेच त्यांच्या हाताबाहेर ठेवायला सांगा.

तुमच्या वर्णनावरून कोल्हापूरचे झाड हे बकाणा निंब आहे. शास्त्रीय नाव मेलिया अझेडॅराक, संस्कृतात महानिंब. हे कडुनिंबाच्या कुळातले झाड आहे. त्याच्या फुलांचा रंग फिकट जांभळा असतो आणि त्यांना मंद सुगंध असतो, म्हणून इंग्रजांनी त्याला 'पर्शियन लायलॅक' म्हटले. त्याच चालीवर कडुनिंबाला 'इंडियन लायलॅक' म्हटले गेले, आणि आपल्या तामणीच्या वंशातल्या बागेतल्या लहान झुडपालाही पुन्हा तेच नाव मिळाले. रंगावरून ठेवलेली ही नावे आहेत. गुणांशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या लायलॅकचे, म्हणजे सिरिंगा व्हल्गॅरिसचे, पान साधे आणि पिंपळपानासारखे हृदयाकृती असते, फक्त त्याला पिंपळाचे लांब शेपूट नसते, आणि पाने देठावर समोरासमोर जोडीने येतात. फुलाच्या बारीक नळीच्या टोकाशी चार पाकळ्या असतात आणि आत दोनच पुंकेसर असतात. फळ म्हणजे वाळून दोन भागांत उकलणारी छोटी बोंडी असते. बकाण्याचे पान दोन-तीन वेळा विभागलेले, अनेक दातेरी पर्णिकांचे असते. त्याच्या फुलाला बहुधा पाच सुट्या पाकळ्या आणि मध्ये गडद जांभळी नळी असते. फळ पिवळे, गोल, बोराहून लहान असते आणि पाने झडल्यावरही झाडावर घोसाने लटकत राहते. त्या फळाच्या आठळीला मधोमध आरपार नैसर्गिक भोक पडलेले असल्यामुळे तिच्या जपमाळा करतात.

या फळांत मेलियाटॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये असतात. ती पोटात गेली की उलट्या, जुलाब आणि पोटदुखी होते. मात्रा अधिक असेल तर तोल जाणे, झटके येणे आणि श्वास मंदावणे इथपर्यंत मजल जाते. पक्षी तीच फळे खाऊन सुखरूप राहतात, आणि त्यामुळेच माणसे फसतात.

रानजाई

सर, मनापासून आभार. आत्ताच फोन केला. फळे अंगणात सुपात वाळत होती आणि मावशींचा चार वर्षांचा पणतू शेजारीच खेळत होता. सगळी फळे खड्ड्यात पुरली. माझे हात अजून थरथरत आहेत.

वैद्य_सुमेधा

वेळेवर विचारलेत हे फार चांगले झाले. मी आयुर्वेदाची चिकित्सक आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहिते.

महानिंब आपल्या निघंटूंत, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांत, आहे आणि त्याचे कृमिघ्न, म्हणजे जंतनाशक, म्हणून वर्णनही आहे, त्यामुळे मावशींच्या नातवाने वाचले ते सर्वस्वी खोटे नव्हते. परंतु कृमीला मारणारे द्रव्य माणसालाही मारू शकते, आणि या दोहोंतले अंतर महानिंबात फार कमी आहे. कोणता भाग, कोणत्या ऋतूतला, किती आणि कोणाला, याचा निर्णय रुग्णाला समोर पाहिल्याशिवाय करता येत नाही. मी स्वतः आज ते पोटात देत नाही, कारण जंतांसाठी निर्धोक आणि स्वस्त औषध प्रत्येक आरोग्य केंद्रात उपलब्ध आहे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातून पाच वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले होते. खेळताना त्याने ही फळे चघळली होती. तो ग्लानीत होता आणि त्याला वारंवार उलट्या होत होत्या. मी त्याला तिथूनच रुग्णालयात पाठवले आणि तो वाचला, पण त्या दिवसापासून प्रत्येक आईला मी हे झाड बोटाने दाखवते.

दुसरी गोष्ट तुमच्या परसातल्या लायलॅकची. ते झुडूप आपल्या निघंटूंत नाही, कारण ते आपल्या भूमीतले नाही. परंतु त्याचे कूळ आपल्याला परके नाही. मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक ही सगळी त्याच कुळातली आहेत. पारिजातकाच्या पानांचा काढा आपल्याकडे तापावर आणि गृध्रसीवर, म्हणजे कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळेवर, पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. लायलॅकची पाने आणि फुले युरोपात ताप आणि सांधेदुखी यांवरच वापरली गेली, हे वाचले तेव्हा मला विलक्षण वाटले. नात्यातल्या वनस्पतींचे गुण सारखे असतातच असे नाही, हे मी विद्यार्थ्यांना रोज सांगते. तरीही इतक्या दूरच्या दोन समाजांनी एकाच कुळातल्या कडू पानांकडे एकाच तक्रारीसाठी वळावे, याची नोंद घ्यावीशी वाटते.

वनस्पतीमित्र

सुमेधाताईंनी कुळाचा विषय काढला आहे, तर या झुडपाचा इतिहासही मांडतो.

लायलॅकचे मूळ घर बाल्कन द्वीपकल्पातल्या खडकाळ, चुनखडीच्या टेकड्या हे आहे. आजच्या रुमानिया, बल्गेरिया, सर्बिया, अल्बानिया आणि ग्रीस या देशांत तो रानात आढळतो. रुमानियातल्या पोनोआरेले गावाजवळ लायलॅकचे एक अख्खे रानच आहे आणि फुलांच्या हंगामात तिथे उत्सव भरतो. सर्बियातल्या इबार नदीच्या खोऱ्याबद्दल अशी आख्यायिका आहे, की तेराव्या शतकात राजा उरोश याने फ्रान्सकडून आलेल्या आपल्या नववधूला, हेलेनला, परके वाटू नये म्हणून वाटेवर दुतर्फा लायलॅक लावला. ग्रीक भाषेत त्याला 'पास्खालिया' म्हणतात, कारण तो ईस्टरच्या सुमारास फुलतो. तेव्हा शेजारच्या आजींच्या हाती हे फूल कुठल्या पुस्तकातून आलेले नाही, ते त्यांच्या डोंगरातून आलेले आहे.

उस्मानी तुर्कांनी तो इस्तंबूलच्या बागांत नेला. सुलतान सुलेमानच्या दरबारात ऑस्ट्रियाचा राजदूत म्हणून राहिलेला ओगिए द बुसबेक 1562च्या सुमारास व्हिएन्नाला परतला, आणि त्याच्यामार्फत हे झुडूप पश्चिम युरोपात पोहोचले. सोळावे शतक संपण्यापूर्वी ते इंग्लंडच्या बागांत होते. पुढे युरोपातून अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांनी ते आपल्या दाराशी लावले. तुमच्या शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्याने 1919 साली जांभळ्या लायलॅकला राज्यपुष्प केले आहे.

आता नावाकडे पाहू, कारण मला ते सर्वांत सुंदर वाटते. 'लायलॅक' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचांनी तो अरबी 'लीलक'वरून घेतला, आणि अरबी शब्दामागे फारसी 'नीलक', म्हणजे निळसर, हा शब्द आहे. फारसीतला हा 'नील' आणि आपला संस्कृत 'नील' एकच आहेत. म्हणजे रानजाई, तुमच्या परसात जे फुलले आहे त्याचे नाव आपल्या निळ्या रंगाचेच नाव आहे.

शास्त्रीय नावाची गोष्टही अशीच आहे. 'सिरिंगा' हे ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे पोकळ नळी किंवा पावा यावरून आले. लायलॅकच्या कोवळ्या फांदीतला मऊ गाभा सहज ढकलून काढता येतो आणि फांदीची नळी होते. दवाखान्यातली सिरिंज त्याच शब्दाची लेक आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली सिरिंगा व्हल्गॅरिस हे नाव पक्के केले.

व्होल्गा

मी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात सहा वर्षे होते, त्यामुळे शेजारच्या आजींची बाटली मला ओळखीची वाटली. तिकडे लायलॅकला 'सिरेन' म्हणतात. माझ्या घरमालकीणबाई दर मे महिन्यात काचेची बरणी ताज्या फुलांनी भरत, दाबून न भरता तीवर व्होडका ओतत, आणि ती बरणी अंधाऱ्या कपाटात दोन-तीन आठवडे ठेवत. नंतर गाळलेला तपकिरी अर्क वर्षभर गुडघे, खांदे आणि कंबर यांवर चोळायला वापरला जाई, किंवा त्यात भिजवलेले फडके सांध्यावर बांधून वरून लोकरी शाल गुंडाळली जाई. याखेरीज खोकला आणि ताप यांवर फुलांचा चहा, आणि गळू पिकून फुटावे म्हणून ठेचलेली ताजी पाने, असेही उपयोग त्यांनी मला दाखवले होते. चार पाकळ्यांच्या तुऱ्यात एखादे पाच पाकळ्यांचे फूल सापडले, तर मनात इच्छा धरून ते खाऊन टाकण्याची तिकडे रीत आहे. परीक्षेच्या दिवसांतच लायलॅक फुलत असल्यामुळे आम्ही विद्यार्थिनी झुडपांपाशी बराच वेळ घालवत असू.

डॉक्टर म्हणून माझे मत असे आहे. बाहेरून चोळण्याने सासूबाईंना आराम वाटत असेल, तर तो नाकारण्याचे कारण नाही. चोळण्याने आणि मद्यार्काने त्वचेत रक्त खेळते, ऊब येते, आणि दहा मिनिटे कुणीतरी मायेने गुडघा चोळून देणे हाही उपचाराचा भाग आहे. मात्र कातडी सोललेली असेल तिथे तो लावू नये, लावल्यावर शेगडीजवळ जाऊ नये, आणि बाटलीतला मद्यार्क कोणता आहे हे आजींना अवश्य विचारावे. अमेरिकेत औषधांच्या दुकानात मिळणारा चोळण्याचा अल्कोहोल बहुधा आयसोप्रोपिल असतो आणि तो प्यायल्यास विषबाधा होते. गुडघा सुजला, लाल झाला किंवा ताप आला, तर अर्क बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

कार्बनी

लायलॅकमध्ये नेमके काय आहे, याबद्दल रसायनशास्त्राच्या बाजूने लिहितो.

लायलॅकच्या सालीतून एकोणिसाव्या शतकात एक कडवट ग्लायकोसाइड, म्हणजे साखरेच्या रेणूशी जोडलेले वनस्पतीतले द्रव्य, वेगळे केले गेले, आणि झुडपाच्या वंशावरून त्याला सिरिंजिन हे नाव मिळाले. हेच द्रव्य पुढे अनेक वनस्पतींत आढळले. 'सायबेरियन जिनसेंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतीतले एल्युथेरोसाइड बी म्हणजे दुसरे काही नसून सिरिंजिनच आहे. सिरिंजिक आम्ल आणि सिरिंगॉल ही नावेही याच झुडपाची देणगी आहेत. लाकडाच्या धुराचा जो खमंग वास आपण ओळखतो, त्यात सिरिंगॉलचा मोठा वाटा असतो.

पानांत ओल्युरोपिन असते, म्हणजे ऑलिव्हच्या पानाला कडू करणारे तेच द्रव्य. ऑलिव्हही याच कुळातला असल्यामुळे त्यात नवल नाही. जोडीला व्हर्बास्कोसाइड आहे. या दोन्ही द्रव्यांत दाह कमी करण्याचे गुण प्रयोगशाळेत दिसलेले आहेत. परंतु परीक्षानळीतल्या पेशींवर दिसलेला परिणाम आणि सत्तरीतल्या माणसाचा गुडघा यांच्यामध्ये फार मोठे अंतर असते, हे विसरू नये.

लायलॅक हिवतापावर चालतो असाही दावा वाचायला मिळतो, त्याबद्दल मात्र मला ठामपणे लिहायचे आहे. हिवतापावरचे क्विनीन हे औषध जिच्यातून मिळते ती सिंकोना झाडाची साल महाग होती त्या काळात युरोपातल्या काही वैद्यांनी लायलॅकच्या हिरव्या फळांचा कडू अर्क ठरावीक दिवसांआड येणाऱ्या तापावर देऊन पाहिला, आणि तेव्हापासून 'हिवतापावर उपयुक्त' हे शब्द एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आले आहेत. कडूपणा म्हणजे क्विनीन नव्हे. हिवतापाचे निदान रक्ततपासणीने होते आणि त्यावर खात्रीचे औषध आहे. तिथे कोणत्याही काढ्यावर वेळ घालवणे जिवावर बेतू शकते.

सुगंधाबद्दल एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. लायलॅकच्या फुलांचे ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफेने अर्क काढून, गुलाबासारखे अत्तर काढता येत नाही. फुलातले नाजूक घटक, ज्यांत लायलॅक आल्डिहाइड या नावाचे रेणू आहेत, उष्णतेत टिकत नाहीत. त्यामुळे बाजारात लायलॅकच्या नावाने मिळणारा सुगंध टर्पिनिऑलसारख्या सुगंधी द्रव्यांपासून प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. कुणी 'लायलॅकचे शुद्ध तेल' औषध म्हणून विकत असेल, तर ते घेऊ नका.

देवदार

भारतात लायलॅक अजिबात नाही असा समज होऊ नये म्हणून लिहितो. हिमालयाचा स्वतःचा लायलॅक आहे, सिरिंगा इमोडी. काश्मीरपासून नेपाळच्या पश्चिम भागापर्यंत, साधारण दोन हजार मीटरच्या वर, तो झुडपी रानांत वाढतो. उत्तराखंडातल्या एका पदभ्रमणात मी तो जूनमध्ये फुललेला पाहिला. फुले पांढरट होती आणि वास थोडा उग्र होता, बागेतल्या लायलॅकसारखा हळुवार नव्हता.

मृद्गंध_टोरांटो

आमच्याकडेही मेच्या शेवटी लायलॅक फुलतो. फुले खाण्याजोगी आहेत, म्हणून मी दरवर्षी त्यांचा गुलकंदासारखा प्रकार करते. फवारणी न केलेल्या, रस्त्यापासून दूरच्या झुडपाची फुले सकाळी दव सुकल्यावर तोडावीत. नंतर प्रत्येक फूल हिरव्या देठापासून सोडवून घ्यावे. हे काम किचकट आहे, पण ते टाळले तर देठाचा कडूपणा सगळ्या बरणीत उतरतो. साखरेचा आणि फुलांचा एकाआड एक थर देऊन बरणी झाकून ठेवावी आणि रोज एकदा हलवावी. फुलांना पाणी सुटते, म्हणून आठवड्याभरात साखर गाळून पसरून वाळवावी. ती साखर खीर आणि श्रीखंड यांत सुरेख लागते. सरबत करायचे असेल तर उकळते पाणी फुलांवर ओतून रात्रभर ठेवावे. त्याचा रंग मळकट येतो, पण लिंबू पिळले की तो डोळ्यांदेखत गुलाबी होतो, कारण फुलातले जांभळे रंगद्रव्य आंबटपणाने रंग बदलते.

हे मी औषध म्हणून करत नाही. माझ्या आईच्या हातच्या गुलकंदाची आठवण येते म्हणून करते.

पुणेकर_माळी

अतिशय माहितीपूर्ण धागा आहे. पुण्यात कुंडीत लायलॅक लावता येईल का?

वनस्पतीमित्र

रोप जगेल, पण फुलणार नाही. लायलॅकच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच फांदीवर तयार होतात आणि त्यांना जागे होण्यासाठी कित्येक आठवड्यांची कडाक्याची थंडी लागते. पुण्याच्या डिसेंबरने ते भागत नाही. त्यापेक्षा पारिजातक लावा.

रानजाई, याच कारणासाठी तुम्हाला एक सूचना करतो. छाटणी करायची असेल तर ती फुले सुकल्याबरोबर, जूनमध्येच करा. शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात छाटलात, तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातील. फार जुन्या फांद्यांपैकी दरवर्षी एक-तृतीयांश तळापासून काढल्यात, तर तीन वर्षांत झुडूप नवे होईल.

रानजाई

सर्वांचे आभार कसे मानू हे कळत नाही. काल संध्याकाळी शेजारच्या आजींना घरी बोलावले आणि बाटलीबद्दल विचारले. त्यांनी पिण्याची साधी व्होडकाच वापरली होती. त्यांची आईही अशीच बरणी भरत असे, आणि फुले अर्धी उमललेली असतानाच घ्यावीत असे तिचे सांगणे होते. आजींना 'लायलॅक' आणि 'नील' यांचे नाते सांगितले, तेव्हा त्यांनी आपल्या भाषेतला 'ल्युल्याक' हा शब्द तीन-चार वेळा सावकाश उच्चारून पाहिला. मग सासूबाईंनी त्यांना फोनवर पारिजातकाचे चित्र दाखवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी त्या तासभर बोलत बसल्या होत्या.

सासूबाईंच्या गुडघ्याची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे आणि तोवर अर्क फक्त बाहेरून लावायचा असे ठरले आहे. मावशींच्या नातवाने गल्लीच्या टोकावरच्या झाडाला 'बकाणा निंब – फळे विषारी, मुलांनी खाऊ नयेत' अशी पाटी बांधली आहे. इकडच्या बाटलीवर मी मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली आहे: 'लायलॅकच्या फुलांचा अर्क. फक्त सांध्यांवर चोळण्यासाठी. पोटात घेऊ नये.' शेजारच्या आजींनी त्याखाली तेच बल्गेरियन भाषेत लिहिले.